नशिबाला बोल लावू नका, पंचनामा मागा

मुंबई-गोवा महामार्ग आपल्या संगमेश्वर तालुक्यातून जातो. या रस्त्यावर आपला माणूस गेला की वस्तीत पहिला शब्द निघतो तो नशिबाचा. मग गाडीमालकाचा निरोप येतो, "थोडेफार घ्या आणि मिटवा." घरचा कमावता हात गेलेला असतो, कुटुंब मान डोलावते. आमचा आक्षेप नेमका इथे आहे. प्रत्येक गोष्टीला कारण असते असे सांगणाऱ्या बुद्धाचे अनुयायी अपघाताचे कारण नशिबात कसे शोधतात? भरपाई ही कुणाची दया नाही. तो हक्क आहे आणि त्याला इतिहास आहे.

जुन्या इंग्रजी कायद्यात माणूस मेला की त्याच्या मृत्यूबद्दल घरच्यांना दावाच करता येत नसे. भारतात १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याने पत्नी, पती, आईवडील आणि मुलांसाठी तो हक्क मिळवून दिला. पण दावा दिवाणी न्यायालयात, कोर्ट फी भरून करायचा आणि समोरच्याची चूकही आपणच सिद्ध करायची! ती चूक पाहणारा बहुतेक वेळा मेलेला असे. १९३९ मध्ये मोटार वाहन कायदा आला, १९५६ च्या दुरुस्तीने दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे आली. दार उघडले, पण सिद्ध करण्याचे ओझे गरिबाच्याच डोक्यावर राहिले.

कारखान्यातल्या कामगाराला मात्र १९२३ च्या कायद्याने मालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई मिळत होती. मग रस्त्यावर मेलेल्याला का नाही? मुंबई उच्च न्यायालयाने चूक सिद्ध करण्याची गरज नाही असे मत दिले होते. १९७७ मध्ये मिनू मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारले. शेवटी १९८२ च्या दुरुस्तीने चूक न दाखवता मृत्यूसाठी १५,००० रुपये देण्याची तरतूद झाली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १६४ नुसार ही रक्कम मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये आहे. गाडी ठोकून पळाली आणि सापडलीच नाही, तरी मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळतात.

याहून जास्त, म्हणजे प्रत्यक्ष नुकसानीइतकी भरपाई हवी असेल तर कलम १६६ खाली चूक दाखवावी लागते. पण इथे फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. कोणाची चूक असण्याची शक्यता जास्त आहे, एवढे पाहिले जाते. म्हणून एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, गाडीच्या विम्याचे कागद यांच्या प्रती मागून घ्या. चाकांचे व्रण आणि गाड्यांची जागा यांचे फोटो काढा. साक्षीदाराचे नाव त्याच दिवशी लिहून ठेवा. मजुराकडे पगाराची पावती नसली तरी किमान वेतनाचा आधार घेता येतो. गृहिणीच्या कामालाही आर्थिक मोल आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या कीर्ती निकालात बजावले आहे.

आता धोक्याची गोष्ट. १९८८ च्या कायद्यात दाव्याला सहा महिन्यांची मुदत होती. १९९४ मध्ये ती काढून टाकली आणि १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा आणली. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर बसू नका. दु:खातून सावरायला सहा महिने कुठे पुरतात? ही मुदत विमा कंपनीला अडवत नाही. ती अडवते कागद गोळा करायला मजुरी बुडवावी लागणाऱ्याला.

वकिलाच्या फीची भीती वाटते? विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२ वाचा. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे. देवरुखला तालुका विधी सेवा समितीकडे किंवा रत्नागिरीला जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करा. घरचे मुंबईत राहत असतील तर तिथल्या न्यायाधिकरणातही दावा करता येतो.

प्रत्येक वस्तीतल्या दोन तरुणांनी एवढे शिकून घ्यावे, असे आमचे आवाहन आहे. अपघात झाला की त्यातल्या एकाने कुटुंबाजवळ थांबावे आणि दुसऱ्याने पोलीस ठाणे गाठावे. कोऱ्या कागदावर कुणालाही अंगठा उठवू देऊ नये. बाबासाहेबांनी आपल्याला हक्क मागायला शिकवले. मिटवून घ्यायला नव्हे.

जय भीम!