थेंबाचा वेग आणि थेंबाचा भार

तेलाचा थेंब म्हटले की विज्ञानाच्या इतिहासात मिलिकनचे नाव निघते. १९०९ ते १९१३ या काळात शिकागो येथे त्याने हवेत तेलाचे थेंब तरंगते ठेवून इलेक्ट्रॉनचा भार मोजला. १९२३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास तेलाचे थेंब पाण्यात सोडून त्यांचाही भार अजमावला जात होता, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. मिलिकनचा प्रश्न सुटला. पाण्यातल्या थेंबाचा वाद अद्याप मिटलेला नाही, आणि आम्हांस तोच अधिक विचार करण्याजोगा वाटतो.

या कथेचा आरंभ तेलापासून नव्हे, चिखलापासून होतो. १८०९ मध्ये मॉस्को येथे रॉइस याने ओल्या चिकणमातीत काचेच्या दोन नळ्या रोवल्या, त्यांत पाणी भरले आणि विद्युतप्रवाह सोडला. धन अग्राकडील नळीत मातीचे कण वर आले. ऋण अग्राकडील नळीत पाण्याची पातळी चढली. पाण्यातल्या कणांवर ऋणभार असतो, याची ती पहिली साक्ष.

तेलाच्या थेंबांकडे हीच दृष्टी वळवली ती रिड्सडेल एलिस याने, १९११-१२ च्या सुमारास. काचेच्या चपट्या बंद पेटीत तेलाचे पायस भरायचे (पायस म्हणजे पाण्यात बारीक थेंबांनी विखुरलेले तेल, दूध हे त्याचे घरचे उदाहरण), दोन टोकांना विद्युतदाब द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकातून एखादा थेंब ठरावीक अंतर किती सेकंदांत कापतो ते पाहायचे. थेंब धन अग्राकडे सरकतो. पण काचेच्या भिंतीही भारित असतात. त्यांच्यालगतचे पाणी स्वतःच वाहू लागते आणि पेटीच्या मध्यातून उलट परतते. म्हणजे दिसणारा वेग निव्वळ थेंबाचा नसतो. चपट्या पेटीत भिंतीपासून सुमारे एकपंचमांश खोलीवर मात्र पाणी स्थिर असते. थेंबाचा खरा वेग तिथेच दिसतो.

आणि तरीही मोजला जातो तो वेगच, भार नव्हे. हेल्महोल्ट्झने १८७९ मध्ये पृष्ठभागालगतच्या विद्युत द्विस्तराची कल्पना मांडली. स्मोलुखोव्स्कीने १९०३ मध्ये वेगावरून त्या स्तराच्या सीमेवरील विभव, म्हणजे ज्याला पुढे ‘झीटा’ हे नाव पडले ते, काढण्याचे सूत्र दिले. सेंटिमीटरला एक व्होल्ट इतक्या क्षेत्रात थेंब सेकंदाला चार मायक्रॉन सरकला, तर झीटा उणे पन्नास मिलिव्होल्टच्या आसपास येतो. विभवावरून भार काढायचा तर आणखी एक गृहीतक हवे. संहितेवरून कवीच्या मनापर्यंत जाणाऱ्या समीक्षकास ही वाट अपरिचित वाटू नये.

एलिसनंतर पॉविसने १९१४-१५ मध्ये दाखवले की हा आकडा सुमारे तीस मिलिव्होल्टच्या खाली उतरला की पायस टिकत नाही. थेंब एकमेकांत मिसळू लागतात. आकड्याची उपयुक्तता सिद्ध झाली. पण शुद्ध हायड्रोकार्बन तेलात आयन मुळीच नसतात, मग त्याच्या थेंबावर हा ऋणभार येतो कोठून?

१९९६ मध्ये मारिनोवा व सहकाऱ्यांनी उत्तर दिले: पाण्यातील हायड्रॉक्सिल आयन पृष्ठभागावर चिकटतात. २००४ मध्ये सिडनीच्या बीटी आणि जेर्जेव्ह यांनी त्यास बळ दिले. तेल पाण्यात घुसळताना पाणी आम्लधर्मी होऊ लागते आणि त्याचा सामू स्थिर राखण्यासाठी अल्कली घालत राहावे लागते, असे त्यांनी दाखवले. पृष्ठाच्या सुमारे तीन चौरस नॅनोमीटरमागे एक आयन, असा त्यांचा हिशेब. २०१२ मध्ये रॉजर व कबान यांनी आक्षेप घेतला की हा भार तेलाचा नव्हेच. तेलात लेशमात्र राहिलेल्या मेदाम्लांचा आहे. आम्हांस हा आक्षेप सर्वांत बोचरा वाटतो, कारण तो मोजमापाला नव्हे, ‘शुद्ध’ या शब्दालाच हात घालतो. शुद्ध केलेल्या तेलात मेदाम्ल उरलेच नाही, हे सिद्ध कसे करणार?

२०२१ मध्ये लोझान येथील सिल्वी रोके यांच्या गटाने, ट्रिएस्टच्या सहकाऱ्यांसह, तिसरेच वाचन मांडले. त्यांच्या मते पाण्याचे रेणू तेलाच्या कार्बन-हायड्रोजन बंधांशी दुर्बळ हायड्रोजन बंध जोडतात आणि त्या वाटेने थोडा ऋणभार पाण्याकडून तेलाकडे सरकतो. त्यासाठी कोणताही आयन लागत नाही. हायड्रॉक्सिलचे समर्थक यामुळे मागे हटलेले नाहीत. एलिसने पाहिलेला थेंब मात्र तिन्ही पक्षांच्या पेटीत धन अग्राकडेच सरकतो.