मावळच्या दप्तरातील अरबी साल

भोरच्या दक्षिणेस, हिरडस मावळावर नजर ठेवून उभ्या असलेल्या रोहिडा किल्ल्याच्या तिसऱ्या दरवाजावर एका अंगास मराठी आणि दुसऱ्या अंगास फारसी असे दोन शिलालेख असून, विजापूरच्या महंमद आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६५६ सालच्या मे महिन्यात, या दरवाजाचे काम झाल्याची साक्ष ते देतात. अशा लेखांकडे गतकाळच्या परसत्तेची खूण म्हणून पाहण्याचा परिपाठ आपल्याकडे पडला आहे, आणि तो अस्वाभाविकही नाही. परंतु भोर आणि वेल्हे या भागांतील जुनी दप्तरे ज्याने सहृदयतेने चाळली असतील त्याला, मानवजातीच्या ज्ञानव्यवहारात इस्लामी जगाने कोणते कार्य केले, या मोठ्या प्रश्नाचे एक उत्तर या डोंगरखोऱ्यांतच सापडल्यावाचून राहणार नाही.

ते उत्तर शुहूर सनात आहे. आदिलशाही फर्माने असोत, देशमुख-देशपांड्यांचे महजर असोत, की राजगडावरून सुटलेली शिवाजीमहाराजांची आज्ञापत्रे असोत, त्यांतील वर्ष बहुधा अरबी संख्यानामांनी लिहिलेले आढळते: आधी एकम्, मग दशक, शेवटी हजार, म्हणजे १०५६ हे वर्ष ‘सीत खमसैन अलफ’ असे. या सनात ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. हेच गणित मागे नेले असता इसवी सन १३४४च्या सुमारास शुहूर आणि हिजरी हे दोन्ही सन ७४५ या एकाच अंकावर येऊन मिळतात, आणि म्हणून महंमद तुघलकाच्या अमदानीत तो सुरू झाला असावा, असे अनुमान विद्वानांनी बांधले आहे. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे, त्यामुळे ते ऋतूंच्या मानाने मागे सरकत राहते आणि सुमारे तेहतीस वर्षांत एका पूर्ण वर्षाचे अंतर पडते. धर्मकृत्यास त्याने बाधा येत नाही, परंतु ज्या मुलखात रयतेचे भात पावसावर पिकते आणि सरकारचा वसूल त्या भातावर अवलंबून असतो, तेथे असे वर्ष जमाबंदीस निरुपयोगी ठरते. म्हणून मोजणी हिजरीची, संख्यानामे अरबी, परंतु वर्षारंभ मात्र सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो त्या दिवशी, अशी ही संयुक्त कालगणना दख्खनेत रूढ झाली, आणि मृगसाल या नावाने ती कुणब्याच्याही परिचयाची झाली.

आता याच कागदांत रकमा कशा लिहिल्या आहेत ते पाहावे. साल अरबी नावांनी लिहिणारा कारकून होन, खंडी आणि बिघे मात्र भारतीय अंकांनी, शून्यासह, स्थानमूल्याच्या रीतीने मांडतो. ही रीत आठव्या शतकात सिंधमार्गे खलीफा अल्-मन्सूरच्या बगदादेत पोचलेल्या ज्योतिषसिद्धान्ताच्या काळापासून इस्लामी जगात मुरू लागली. नवव्या शतकात अल्-ख्वारिज्मीने हिंदी गणनपद्धतीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. बाराव्या शतकात त्याचे लॅटिन भाषांतर झाले. आणि उत्तर आफ्रिकेतील बुजाया बंदरात अरबी गणित शिकलेल्या पिसाच्या लिओनार्दोने १२०२ साली ती इटलीच्या व्यापाऱ्यांपुढे ठेवली. अरबांनी ज्या अंकांना हिंदी म्हटले, त्यांना युरोप अरबी म्हणू लागला.

पाश्चात्त्य संस्कृतीच्या मुळांचा इतिहास अथेन्स आणि रोमपासून आरंभून, मध्ये सहस्र वर्षांचा अंधार कल्पून, एकदम प्रबोधनकाळावर आणून सोडण्याची जी पद्धत आहे, तिच्यावर मुसलमान विचारवंतांचा आक्षेप आहे तो येथेच. महंमद इक्बाल यांनी १९३०च्या आपल्या व्याख्यानसंग्रहात, युरोपीय संस्कृतीची बौद्धिक बाजू ही इस्लामी संस्कृतीच्याच काही अंगांची पुढील वाढ होय, असे प्रतिपादन केले. या म्हणण्यास पुरावा विपुल आहे: १०८५ साली ख्रिस्ती सत्तेखाली गेलेल्या तोलेदो नगरात क्रेमोनाच्या जेरार्डने टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ अरबीतूनच लॅटिनमध्ये आणला, इब्न सीनाचा वैद्यकग्रंथ युरोपच्या विद्यापीठांत शतकानुशतके अभ्यासिला गेला, ॲरिस्टॉटलवरील कॉर्दोव्याच्या इब्न रुश्दची भाष्ये तर इतकी प्रमाण मानली गेली की नुसते ‘भाष्यकार’ म्हटले तरी तोच समजला जाई. पण हीच दृष्टी शेवटपर्यंत प्रामाणिकपणे नेली, तर बगदादेस ग्रीक वैद्यक देणारा हुनैन इब्न इस्हाक हा ख्रिस्ती होता, कागद चीनचा होता आणि अंक हिंदुस्थानचे होते, हेही तितक्याच मोकळेपणाने सांगावे लागते. इस्लामी जगाची थोरवी यामुळे उणावत नाही. जे चोहोंकडून मिळाले ते पारखून, वाढवून, पुढच्याच्या हाती देणे, हेच त्याचे मोठे कर्तृत्व होय.

घेतल्याने स्वत्व जाते काय, या शंकेस मावळच्या इतिहासाने दिलेले उत्तर मला निर्णायक वाटते. रांझे हे आजच्या भोर तालुक्यातील गाव. तेथील पाटलाने बदअंमल केला म्हणून त्यास कठोर शासन करून पाटिलकी काढून घेतल्याचे महाराजांचे २८ जानेवारी १६४६चे पत्र प्रसिद्ध आहे. त्याचा मायना फारसी वळणाचा, मजकूर मराठी आणि मुद्रा संस्कृत. आणि त्या वेळी शुहूर सन चालू होता ‘सीत अर्बैन अलफ’. तीन परंपरा एका कागदावर नांदत आहेत, परंतु रयतेच्या अब्रूसाठी पाटलासही न सोडणारा न्याय सर्वस्वी महाराजांचा आहे. पुढे १६५९च्या जूनमध्ये, अफजलखानास सामील व्हावे म्हणून अली आदिलशहाचे फर्मान कारीच्या कान्होजी जेध्यांस आले, तेव्हा ज्या दरबारी वळणाचे कागद त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले होते त्याच दरबारची आज्ञा त्यांनी मोडली, आणि वतनावर पाणी सोडून ते स्वराज्याच्या बाजूस उभे राहिले. विजापूरचे साल लिहिल्याने कोणी विजापूरचा झाला नाही. राज्याभिषेकानंतर राजशक सुरू झाला, राज्यव्यवहारकोशाने संस्कृत शब्दांची योजना केली, आणि तरीही पेशवाईच्या अखेरपर्यंत मराठी दप्तरांतून शुहूर सन चालूच राहिला, कारण ते साल आता मृगाच्या पावसाचे आणि रयतेच्या वहिवाटीचे, म्हणजे आपलेच, झाले होते.

युरोपनेही घेतले आणि आपलेसे केले. त्यात न्यून काहीच नाही, न्यून आहे ते घेतल्याची नोंद पुसण्यात. हाच दोष आपल्या अंगी लागू नये म्हणून भोर-वेल्ह्याच्या शाळांतून मुलांना मोडी अक्षरांबरोबर शुहूर सनाची तारीख लावण्यास शिकवावे, असे मला मनापासून वाटते. आपल्याच खोऱ्यातील कागदावर अरबी साल आणि हिंदी अंक शेजारी शेजारी वाचलेल्या मुलास, कोणतीही संस्कृती एकाच मुळावर वाढली, असे कोणी सांगितले तर ते त्यास सहजासहजी पटणार नाही.