माणकाची पारख

माणकाची पारख म्हणजे माणिक या लाल रत्नाचा खरेपणा, प्रत आणि किंमत ठरवण्याची प्रक्रिया होय. माणिक हे कुरुंद या खनिजाचे, म्हणजे स्फटिकरूप ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, लाल रूप असून त्यातील अल्पशा क्रोमियममुळे त्याला रंग येतो. हिऱ्याच्या प्रतवारीसाठी बहुतांशी सर्वमान्य अशी मोजपट्टी आहे. माणिक, पाचू, नीलम या रंगीत रत्नांसाठी तशी नाही. त्यातच माणकाचे दिसणे आणि त्याची किंमत यांचा संबंध फार सैल असतो. एकाच वजनाच्या, डोळ्यांना सारख्याच दिसणाऱ्या दोन लाल खड्यांपैकी एक काही शे रुपयांचा आणि दुसरा काही लाखांचा असू शकतो. म्हणून रंगाचे मोल करण्यापूर्वी खडा कोणत्या खनिजाचा आहे, तो खाणीतला आहे की कारखान्यातला, आणि त्यावर कोणती प्रक्रिया झाली आहे, हे तीन प्रश्न याच क्रमाने सोडवावे लागतात.

परंपरा

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजकोशात घ्यावयाच्या रत्नांच्या परीक्षेचे स्वतंत्र प्रकरण आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत माणकाचे गुणदोष आले असून बुद्धभट्टाचा रत्नपरीक्षा हा ग्रंथ याच विषयाला वाहिलेला आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी ठक्कुर फेरू याने प्राकृतात रयणपरिक्खा लिहिली. या ग्रंथांत माणकाला पद्मराग, कुरुविंद अशी नावे आहेत. मराठीतील कुरुंद हा शब्द कुरुविंदाच्याच कुळातला आहे.

माणकाच्या छायेने दूध गुलाबी होते, यांसारख्या परीक्षा आजही सांगितल्या जातात. कोणताही पारदर्शक लाल खडा दुधात हेच दाखवतो. काचेवर ओरखडा काढून पाहण्याने काच वगळता येते, परंतु स्पिनेल, तामडा आणि कृत्रिम माणिक हेही काचेवर ओरखडा काढतात; शिवाय या परीक्षेत चांगल्या खड्याचा पैलू दुखावण्याचा धोका असतो तो वेगळाच.

खनिजाची ओळख

माणकाशी सर्वाधिक गल्लत झालेले रत्न म्हणजे लाल स्पिनेल. बदख्शानच्या खाणींतील या रत्नाला फारसीत लाल म्हणत आणि माणकाला याकूत. युरोपात मात्र हा भेद १७८३मध्ये रोमे द लिल या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञाने स्पष्ट केला. ब्रिटिश राजमुकुटातील ‘ब्लॅक प्रिन्सचे माणिक’ आणि मुघल बादशहांची नावे कोरलेले ‘तैमूरचे माणिक’ ही दोन्ही प्रत्यक्षात स्पिनेल आहेत.

आज ही ओळख पटवणे अवघड नाही. माणकाचा अपवर्तनांक १.७६२ ते १.७७० आणि विशिष्ट गुरुत्व सुमारे ४ असते. स्पिनेलसाठी हे आकडे सुमारे १.७१८ आणि ३.६ आहेत. माणकातून जाणारा प्रकाश दोन किरणांत विभागला जातो, त्यामुळे द्विवर्णदर्शी या लहानशा उपकरणातून पाहिल्यास जांभळट लाल आणि नारिंगी लाल अशा दोन छटा शेजारी शेजारी दिसतात. स्पिनेल, तामडा आणि काच यांत एकच छटा दिसते.

कृत्रिम माणिक

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑग्युस्त व्हर्नुई याने ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी ज्वालेत वितळवून माणिक तयार करण्याची पद्धत १९०२मध्ये जाहीर केली. असे माणिक खोटे रंगवलेले काचेचे नसून रासायनिक दृष्ट्या माणिकच असते. त्याची कठीणता, अपवर्तनांक आणि वजन नैसर्गिक माणकाइतकेच भरते. फरक दिसतो तो केवळ वाढीच्या खुणांत. व्हर्नुई पद्धतीच्या खड्यात वक्र रेषा आणि वायूचे बुडबुडे आढळतात, तर नैसर्गिक खड्यात सरळ, कोनात वळणाऱ्या रेषा आणि रूटाइल या खनिजाच्या रेशमासारख्या बारीक सुया असतात. द्रावक वापरून संथपणे वाढवलेले कृत्रिम माणिक मात्र इतके फसवे असते की त्याचा निर्णय प्रयोगशाळेवरच सोडावा लागतो.

जंबुपार किरणांखाली माणिक लालभडक उजळते, हा खरेपणाचा पुरावा म्हणून दाखवला जातो. ही दीप्ती क्रोमियममुळे येते आणि कृत्रिम माणकात ती बहुधा अधिकच प्रखर असते. दागिन्याचे वयही भरवशाचे नाही. व्हर्नुईचे माणिक विसाव्या शतकाच्या आरंभापासून बाजारात असल्याने पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या नथीतील लाल खडाही कृत्रिम निघू शकतो.

प्रक्रिया

बाजारातील बहुसंख्य माणके तापवलेली असतात. ही कल्पना जुनी आहे. अकराव्या शतकात अल् बिरूनीने माणिक तापवून त्यातील काळपटपणा घालवण्याचे वर्णन केले आहे. १९९०च्या दशकात म्यानमारमधील माँग शू येथील माणके मोठ्या प्रमाणात बाजारात आली. त्यांच्या गाभ्यात निळसर डाग असे, तो उच्च तापमानाला घालवला जाई. त्यासोबत वापरलेल्या टाकणखारासारख्या द्रावकाने बारीक चिरा सांधल्या जात आणि त्यांत काचेचा अंश उरे. केवळ उष्णतेने सुधारलेला रंग टिकाऊ असतो व हा व्यवहार मान्य आहे, मात्र तो ग्राहकाला सांगणे अपेक्षित असते. न तापवलेल्या उत्तम माणकाची किंमत तशाच दिसणाऱ्या तापवलेल्या माणकाच्या कित्येक पट असते.

शिशाच्या काचेने भरलेल्या माणकाची गोष्ट निराळी आहे. २००४च्या सुमारास हे खडे बाजारात दिसू लागले. अत्यंत चिरलेले, जवळजवळ अपारदर्शक कुरुंद घेऊन त्याच्या भेगांत शिशाची काच ओतली जाते. या काचेचा अपवर्तनांक माणकाच्या जवळ असल्याने भेगा दिसेनाशा होतात आणि टाकाऊ दगड क्षणात पारदर्शक लाल खडा बनतो. खड्याच्या वजनात काचेचाही वाटा असतो. दहापट भिंगातून खडा हळूहळू फिरवला असता भेगांच्या जागी निळी किंवा नारिंगी चमक आणि चपटे बुडबुडे दिसतात. सोनाराच्या फुंकणीची आच, दागिने उजळण्याची आम्ले, इतकेच नव्हे तर लिंबाचा रसही या काचेला खातो आणि दुरुस्तीला दिलेला खडा पांढऱ्या रेघांनी भरून परत येतो. हे तुलनेने अगदी स्वस्त रत्न आहे. नैसर्गिक माणिक या नावाखाली ते विकणे ही या व्यापारातील सर्वांत सहज साधणारी फसवणूक आहे, कारण खड्यात खाणीतले कुरुंद असतेच आणि विक्रेत्याचे म्हणणे अर्धे खरे ठरते.

रंग

वरील तीन प्रश्न सुटल्यानंतर किमतीत सर्वांत मोठा वाटा रंगाचा असतो. शुद्ध किंवा किंचित जांभळट लाल, मध्यम ते किंचित गडद आणि भरपूर तेज असलेला रंग उत्तम मानला जातो. फार गडद खडा काळवंडतो. फिकट झाला की त्याला माणिक म्हणावे की गुलाबी नीलम, यावर व्यापाऱ्यांतही एकमत नाही. सर्वोत्तम रंगाला ‘कबुतराच्या रक्ताचा’ म्हणतात, पण या संज्ञेचे निकष प्रयोगशाळेगणिक बदलतात.

दुकानातील पिवळसर दिव्याखाली लाल रंग खुलतो. म्हणून खडा दिवसाच्या उजेडात, थेट ऊन टाळून, पांढऱ्या कागदावर पाहतात. बंद कोंदणात खड्यामागे चकचकीत पत्रा घातलेला असल्यास दिसणारा रंग खड्याचा की पत्र्याचा हे सांगता येत नाही. त्यामुळे सुटा खडा पाहणे श्रेयस्कर.

स्वच्छता, पैलू आणि वजन

पूर्णपणे निर्दोष माणिक दुर्मिळ असून मोठा, लखलखीत आणि स्वस्त खडा संशयास्पद समजावा. पृष्ठभागापर्यंत आलेली चीर मात्र टिकाऊपणाला बाधक ठरते. खड्याचा तळ उथळ असल्यास मधोमध फिकट खिडकी पडते व खालचा मजकूर वाचता येतो. उलट वजन राखण्यासाठी तळ फुगीर ठेवलेल्या खड्यात न दिसणाऱ्या भागाचेही पैसे मोजावे लागतात.

एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम. भारतात रत्तीतही भाव सांगतात. गुंजेच्या बीवरून आलेली जुनी रत्ती सुमारे ०.१२ ग्रॅमची, तर राशिरत्नांच्या बाजारातील पक्की रत्ती सुमारे ०.१८ ग्रॅमची असल्याने भाव कॅरटमध्येच विचारणे सुरक्षित ठरते. आकार वाढतो तसा प्रतिकॅरट भावही वाढतो. २०१५मध्ये जिनिव्हा येथील लिलावात २५.५९ कॅरटचे ‘सनराइज रूबी’ हे म्यानमारचे माणिक सुमारे ३ कोटी डॉलरला गेले. २०२३मध्ये न्यू यॉर्क येथे मोझांबिकच्या ५५.२२ कॅरटच्या ‘इश्त्रेला द फुरा’ला सुमारे ३.४८ कोटी डॉलर मिळाले. वजन दुपटीहून अधिक असूनही एकूण किमतीत फारसा फरक नाही, यावरून म्यानमारमधील मोगोकच्या नावाला बाजारात असलेले वजन लक्षात येते.

प्रमाणपत्र आणि खरेदी

महाग माणकासाठी स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल आवश्यक मानतात. त्यात खनिज, नैसर्गिक की कृत्रिम, आणि प्रक्रिया यांची नोंद असते. काही अहवालांत उगमस्थानाविषयीचे मतही असते, किंमत मात्र सहसा नसते. ‘नैसर्गिक माणिक’ एवढ्याच शब्दांवर न थांबता प्रक्रियेचा रकाना वाचावा लागतो. अहवालातील वजन व मापे प्रत्यक्ष खड्याशी जुळवून पाहणेही गरजेचे असते, कारण खरा अहवाल दुसऱ्याच खड्यासोबत दिला जाऊ शकतो.

दागिन्यावरील हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, त्यातील खड्याविषयी काहीही सांगत नाही. पावतीवर सोन्याचे व खड्याचे वजन वेगवेगळे, आणि खड्यापुढे तो नैसर्गिक आहे काय, तापवलेला किंवा काच भरलेला आहे काय, हे लिहून घेतल्यास पुढे वाद उद्भवल्यास ग्राहकाकडे लेखी आधार राहतो.