तेरा सेकंदांआधीचे तीस तास

शुक्रवार, 11 डिसेंबर 2015, दुपारी 4. लास व्हेगास.
मिश्र मार्शल आर्ट्समधल्या फेदरवेट गटाची मर्यादा 145 पौंड, म्हणजे पावणेसहासष्ट किलोंच्या आसपास. जोसे आल्डो आणि कॉनर मॅकग्रेगर, दोघेही नेमके तेवढेच भरतात. मॅकग्रेगरचे गाल पार बसलेत. आल्डो मूळचा मनाउसचा, रिओत नोव्हा उनियावच्या तालमीत घडलेला. दहा वर्षांत एकही हार नाही. 2009 पासून फेदरवेटचा पट्टा त्याच्याकडे.

शुक्रवार, रात्र.
वजनासाठी उतरवलेले पाणी अंगात परत भरायचे, तेही तोंडानेच. ऑक्टोबरपासून सलाईनला बंदी आहे.

शनिवार, सकाळ.
या तासांत सांगण्यासारखे काही नाही. जे बिघडायचे ते मार्चपासूनच बिघडत आले आहे. तेव्हा दोघांना जुलैत ठरलेल्या लढतीच्या प्रचारासाठी शहरोशहरी फिरवले गेले. डब्लिनमध्ये मॅकग्रेगरने आल्डोच्या पुढ्यातला पट्टा उचलून स्वतःच्या डोक्यावर नाचवला आणि त्याच्या घरच्या गर्दीने छप्पर डोक्यावर घेतले. मग जूनमध्ये सरावात आल्डोची बरगडी दुखावली, जुलैची लढत हुकली. मॅकग्रेगर चॅड मेंडेसला हरवून हंगामी विजेता झाला आणि आल्डो घाबरला म्हणत राहिला.

आल्डोची खरी ताकद थांबण्यात होती. समोरच्याला आधी हलू द्यायचे, मग त्याच्या मांडीवर लाथ. 2010 मध्ये युरायाह फेबरची मांडी त्याने पाच फेऱ्यांत काळीनिळी करून टाकली होती. असा माणूस नऊ महिने डिवचला गेला, तर पहिली चाल कोण करणार? माझ्या मते लढत इथेच फिरली होती.

शनिवार, संध्याकाळी 7. एमजीएम ग्रँड.
मुख्य लढती सुरू होतात. पहिलीच फेदरवेटची: हवाईचा मॅक्स हॉलोवे जेरेमी स्टीव्हन्सला गुणांवर हरवतो. आज त्याच्याकडे फारसे कुणाचे लक्ष नाही. दीड वर्षाने हाच पोरगा रिओत, घरच्या प्रेक्षकांसमोर, आल्डोचा पट्टा काढून घेणार आहे.

रात्री, 9 नंतर.
आतल्या खोलीत मॅकग्रेगर अंग गरम करतोय. एक पाऊल मागे, आणि डावा हात सरळ. पुन्हा तेच. बाहेर ल्यूक रॉकहोल्ड चौथ्या फेरीत ख्रिस वाइडमनचा पट्टा हिसकावतो. (आपल्याकडे एव्हाना रविवारची सकाळ.)

शून्य.
पंच जॉन मॅकार्थी इशारा करतात. ग्लोव्ह्ज भिडवणे वगैरे नाही.

पहिले काही सेकंद.
मॅकग्रेगर डावा ठोसा टाकतो, मग खाली लाथ. आल्डो अजून अंतर राखून आहे.

मग आल्डो झेपावतो. उजव्याची हूल, मागोमाग डावा हूक. मॅकग्रेगर मागे सरकतो, खोलीत सरकत होता तसाच, आणि त्याचा डावा आल्डोच्या हनुवटीवर बसतो. आल्डोचा हूकही लागतो, पण तोवर तो शुद्धीत नाही. तो तोंडावर पडतो. जमिनीवर आणखी दोन ठोसे, आणि मॅकार्थी मध्ये घुसतात.

13 सेकंद. यूएफसी या संघटनेच्या विजेतेपदाच्या लढतीत इतका लवकर निकाल आधी कधी लागला नव्हता.

पुढच्या जुलैत आल्डोने फ्रँकी एडगरला हरवून हंगामी पट्टा मिळवला. नोव्हेंबरात मॅकग्रेगरकडचा पट्टा काढून घेतला गेला आणि आल्डो पुन्हा पूर्ण विजेता ठरला. मॅकग्रेगरशी दुसरी लढत तो मागत राहिला. ती झालीच नाही.