नाव हरवलेली गाणी : डिजिटल संगीतसंग्रहातील 128 बाइटांचा इतिहास

नोव्हेंबर 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गायन ध्वनिमुद्रित केले. जेमतेम तीन मिनिटांचे गाणे संपता संपता गौहर जान इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारतात. मूळ तबकड्या जर्मनीतील हानोव्हर येथे जात. तेथील कारागिरांना भारतीय भाषा कळत नसत आणि कोणत्या तबकडीला कोणाचे लेबल लावायचे हे या उद्घोषणेवरून ठरे, असे तिचे कारण सांगितले जाते. ध्वनी आपली ओळख स्वतःबरोबर घेऊन प्रवास करीत होता.

नव्वद वर्षांनी संगीत संगणकाच्या फाइलीत शिरले, तेव्हा नेमकी हीच सोय करायची राहून गेली.

सीडीवरील ध्वनीला दर सेकंदाला सुमारे 1,411 किलोबिट लागतात. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी कानाला न जाणवणारा तपशील गाळून तोच ध्वनी 128 किलोबिटांपर्यंत आकसवला. 14 जुलै 1995 रोजी या फाइलींना ‘एमपी3’ हे शेपूट मिळाले. मानवी श्रवणाचा इतका सूक्ष्म विचार करणाऱ्या या मानकात गाण्याचे नाव लिहिण्यास मात्र जागाच नव्हती. सीडीची अवस्थाही वेगळी नव्हती. नावे असत ती वेष्टनाच्या कागदावर. संगणकात सीडी घातली की पडद्यावर ‘ट्रॅक 1’, ‘ट्रॅक 2’ एवढेच उमटे.

यावर टी कान आणि स्टीव्ह शेर्फ यांनी सीडीडीबीचा चतुर उपाय काढला. सीडीवरील गाणी कोणत्या क्षणी सुरू होतात, त्या आकड्यांवरून सीडी ओळखायची आणि जगभरच्या श्रोत्यांनी टंकलेली नावे तिला जोडायची. पुढे हा संग्रह व्यापारी मालकीचा झाला व त्याला ग्रेसनोट हे नाव मिळाले. लोकांनी फुकट टंकलेली माहिती परवान्याच्या कुलपाआड गेली. या नाराजीतूनच रॉबर्ट के यांचा म्युझिकब्रेन्झ हा मुक्त संग्रह उभा राहिला.

फाइलीतच नाव कोरण्याचा मार्ग एरिक केम्प यांनी 1996 साली दाखवला. एमपी3च्या अगदी शेवटी 128 बाइटांची एक चिठ्ठी : शीर्षक, कलाकार व अल्बम यांना प्रत्येकी 30 बाइट, वर्षाला 4, शेऱ्याला 30 आणि संगीतप्रकाराला अवघा 1. तिचे नाव आयडी3. गौहर जानप्रमाणेच ओळख शेवटी सांगायची, हा योगायोग गमतीचा खरा. पण या चिठ्ठीत गौहर जानना बसायला धड जागा नव्हती. प्रकारांच्या मूळ यादीतील 80 नोंदींत पोल्का होता, डेथ मेटल होता, थट्टामस्करीसाठीही स्वतंत्र क्रमांक होता. हिंदुस्थानी किंवा कर्नाटक संगीत नव्हते. ‘एथ्निक’ नावाच्या 48 क्रमांकाच्या गाठोड्यात ते कोंबावे लागे.

लिपीचा प्रश्न त्याहून बिकट होता. चिठ्ठी पश्चिम युरोपीय अक्षरे गृहीत धरून बेतलेली होती. देवनागरी आज रूढ असलेल्या यूटीएफ-8 पद्धतीने लिहिली, तर प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात. ‘मियाँ की तोडी’ हे नुसते रागनामच 35 बाइटांचे भरते. म्हणून सारे रोमन लिपीत गेले. ‘भीमसेन’मधील दीर्घ ई कोणी एका अक्षराने लिहिली, कोणी दोन अक्षरांनी, आणि यंत्राच्या लेखी दोन गायक जन्मास आले. ‘पंडित’ हे उपपद नावाआधी लिहिल्यामुळे वर्णानुक्रमात निम्मे घराणेदार गायक ‘प’खाली एकत्र जमले. चित्रपटगीताचा ‘कलाकार’ गायक की संगीतकार, हा वाद तर आजही मिटलेला नाही.

संग्रह एका घरच्या संगणकावर होता तोवर हा गोंधळ सोसवत होता. ऑक्टोबर 2001 मध्ये 5 गिगाबाइटचा आयपॉड आला आणि संग्रह प्रवासाला निघाला. पुढील आयपॉडवर फाइली चार निरर्थक अक्षरांच्या नावांनी साठवल्या जात. घरचा संगणक बिघडला आणि गाणी उपकरणातून परत काढावी लागली, तर आतील चिठ्ठी हाच एकमेव आधार उरे. गाणे किती वेळा ऐकले, त्याला किती तारे दिले, हे फाइलीत नव्हे तर आयट्यून्सच्या नोंदवहीत राही. वही गेली की श्रोत्याचा तेवढा इतिहास पुसला जाई. भारतात पुढे मोबाइलच्या मेमरी कार्डांचा जमाना आला. तेव्हा अनधिकृत संकेतस्थळांनी शीर्षकाच्या खणात स्वतःचेच पत्ते चिकटवले. गाणे सुरेल, नाव जाहिरातीचे.

1998 पासूनच्या आयडी3च्या नव्या आवृत्त्यांनी 30 बाइटांची अट काढली. युनिकोडमुळे देवनागरीही आली. राग आणि ताल मात्र अजून बाहेरच होते. ती उणीव संशोधनातून हेरली गेली. 2011 मध्ये बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात झेव्हियर सेरा यांनी युरोपीय संशोधन परिषदेच्या निधीतून कॉम्पम्युझिक प्रकल्प सुरू केला. त्यात आयआयटी मद्रासच्या हेमा मूर्ती व आयआयटी मुंबईच्या प्रीती राव यांचे गट सहभागी होते. संगणकाला राग ओळखायला शिकवायचे, तर आधी अचूक नावांचे ध्वनिमुद्रण हवे. त्यासाठी त्यांनी म्युझिकब्रेन्झचा आधार घेतला आणि त्या संग्रहात राग व ताल नोंदवण्याची सोय झाली.

नव्या आयडी3मध्ये रागासाठी स्वतःचा खण निर्माण करता येतो. बहुतेक फोनमधील प्लेअर तो दाखवीत नाहीत. त्यामुळे जाणकार श्रोता आजही रागाचे नाव अल्बमच्या किंवा संगीतप्रकाराच्या रकान्यात लिहितो आणि फोन बदलला की ते तिथेच आहे ना, हे आधी पाहतो.