एक्झॉस्ट घरी बसवताना हत्यारांची निवड

कार्लो अबार्थ यांनी १९४९ मध्ये इटलीत सुरू केलेल्या कंपनीचे नाव जगभर पोहोचले ते तिने बनविलेल्या खास सायलेन्सरमुळे. त्याच नावाची अबार्थ पुन्टो २०१५ मध्ये पुण्याजवळील रांजणगावच्या कारखान्यातून बाहेर पडली. अशा वेगवान मोटारींचा एक्झॉस्ट स्वतःच्या हातांनी बदलण्याची हौस उपनगरांतील अनेक तरुणांना असते. तथापि, सुमारे एक टन वजनाच्या गाडीखाली शिरून करावयाच्या या कामात चुकीचे हत्यार जिवावर बेतू शकते.

आधी कायदा

अंधेरी (एमएच-०२), घाटकोपर-मुलुंड (एमएच-०३) वा बोरिवली (एमएच-४७), नोंदणी कुठलीही असो, नियम एकच. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. आवाज वा धूर यांची मर्यादा ओलांडल्यास कलम १९०(२) अन्वये तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मुंबईत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर १९९५ पासूनच सक्तीचा आहे. तो काढून टाकू नये. त्यामुळे रस्त्यावरील गाडीस मूळ तपशिलाचाच भाग बसवावा. मोकळ्या आवाजाचा एक्झॉस्ट शर्यतीच्या बंदिस्त मार्गापुरताच ठेवावा.

गाडी उचलण्याची साधने

गाडीसोबत मिळणारा जॅक केवळ चाक बदलण्यासाठी असतो. या कामास किमान दोन टनांचा ट्रॉली जॅक आणि त्याच क्षमतेच्या जॅक स्टँडची जोडी घ्यावी. जॅकने गाडी उचलावी, पण तिचा भार स्टँडवरच ठेवावा. विटांवर वा नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली कदापि शिरू नये. बहुतेक मोटारींचा हँडब्रेक मागील चाकांवर चालतो. ती उचलली की त्याचा उपयोग राहत नाही. म्हणून पुढील चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर लावावी. सोसायटीच्या आवारातील पेव्हर ब्लॉक भाराखाली खचतात, तेव्हा स्टँडखाली जाड प्लायवूड ठेवावे. उतारावर हे काम करूच नये.

गंजलेले बोल्ट सोडविताना

खारी हवा आणि पावसाळ्यात अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी साचणारे पाणी यांमुळे मुंबईतील गाड्यांचे एक्झॉस्टचे बोल्ट लवकर गंजतात. आदल्या रात्रीच त्यांवर गंज सैल करणारे तेल फवारावे. सॉकेट बारा कोनांचा नव्हे, सहा कोनांचा घ्यावा. तो नटाच्या सपाट बाजूंवर बसतो आणि कोपरे झिजवत नाही. जपानी घराण्यातील मोटारींत १२, १४ व १७ मिलिमीटर, तर युरोपीय मोटारींत १३ व १६ मिलिमीटर ही मापे अधिक आढळतात. लांब दांड्याचा पाना धक्का न देता जोर पुरवितो. इम्पॅक्ट रेंचच्या हिसक्याने गंजलेला स्टड मुळातून तुटू शकतो.

ऑक्सिजन सेन्सरसाठी वायर जाण्यास खाच असलेला २२ मिलिमीटरचा खास सॉकेट मिळतो. साध्या पान्याने सेन्सरचे आटे बिघडण्याची भीती असते. रबरी हँगर काढण्यासाठी खास पक्कड असते. ती नसल्यास साबणाचे पाणी लावून रबर सरकवावे. नळी कापावी लागल्यास ग्राइंडरऐवजी लोखंड कापायची करवत किंवा साखळीचा पाइप कटर वापरावा. इंधनाच्या नळ्यांजवळ, विशेषतः सीएनजीची टाकी असलेल्या गाडीत, ठिणगी उडू देणे धोक्याचे आहे. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत जाड मोजे हवेतच.

जोडणी आणि तपासणी

जुने गॅस्केट पुन्हा वापरू नये. आधी सर्व जोड सैल ठेवून नळी सरळ बसवावी, ती तळाला वा इंधनाच्या नळीला टेकत नाही याची खात्री करावी आणि मग इंजिनाकडून मागे येत नट आवळावेत. येथे टॉर्क रेंच अपरिहार्य ठरतो. किती न्यूटन-मीटर जोर लावायचा, हे त्या मॉडेलच्या दुरुस्ती पुस्तिकेत पाहावे. अंदाजाने आवळलेला नट एक तर गळतो किंवा तुटतो.

इंजिन थंड असताना सुरू करून जोडांवर साबणाचे पाणी टाकावे. बुडबुडे आले तर गळती आहे. ही चाचणी मोकळ्या जागेतच घ्यावी. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. तळघरातील पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवणे प्राणघातक ठरू शकते. पहिल्या फेरीनंतर, गाडी पूर्ण थंड झाल्यावर, सर्व नट पुन्हा तपासावेत.

खरेदी कोठे?

हत्यारांसाठी मशीद बंदरजवळील नागदेवी स्ट्रीट प्रसिद्ध आहे. सुट्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. पाने आणि पकडी नाशिकच्या टपारियासारख्या देशी कंपनीच्याही उत्तम मिळतात. बजेट मर्यादित असल्यास रॅचेट साधा चालेल, मात्र जॅक स्टँडवर काटकसर करू नये. आणि स्टड तुटला किंवा वेल्डिंगची गरज भासली, तर काम तेथेच थांबवून जाणकार गॅरेजकडे सोपविणे हेच शहाणपणाचे.