तळ्याकाठचा तंबू आणि पाण्याखालचा सात-बारा

कामोठ्यात शनिवार-रविवारचा बेत शिजायला लागला की 'पवना लेक' हे नाव हमखास निघतं. कळंबोलीहून द्रुतगती मार्गाला लागायचं, लोणावळ्याला बाहेर पडायचं, संध्याकाळी तंबूत. माणशी दर ठरलेला असतो: तंबू, बार्बेक्यू, शेकोटी, रात्रीचं जेवण, सकाळी पोहे. आपण फोनवर विचारतो की बाथरूम आहे का, गाडी कुठपर्यंत येते, पाऊस आला तर काय. या यादीत आज आणखी दोन प्रश्न वाढवू या. तंबू लागणार ती जमीन कोणाची? आणि समोरच्या पाण्याखाली काय आहे?

पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांसाठी हा सराव मुद्दाम निवडलाय. 'पवना परिसरातील पर्यटन' हा नुसता विषय आहे. त्याचा संशोधनप्रश्न कसा होतो, ते या सहलीच्या निमित्ताने बघू.

शब्दापासून सुरुवात

पनवेल शहरात वडाळे तळं आहे, कृष्णाळे तळं आहे. ही खरोखरची जुनी तळी. पवनेला मात्र जे 'लेक' म्हणून विकलं जातं ते धरणाचं पाणी. सह्याद्रीतली मुक्कामाची बहुतेक 'तळी' अशीच आहेत. भंडारदऱ्याचं आर्थर लेक हा १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाचा जलाशय आहे. मुळशी, वळवण, शिरवटा हे टाटांच्या जलविद्युत योजनांचे जलाशय आहेत. 'लेक' म्हटलं की ते पाणी कायमचंच तिथे होतं असं वाटतं. 'जलाशय' म्हटलं की लगेच विचारता येतं: कधी अडवलं, कोणी, कोणासाठी?

म्हणून पहिली सवय ही, की आपल्या विषयाचं नाव कोणी ठेवलंय ते तपासायचं. १८८५ चा पुणे जिल्ह्याचा गॅझेटियर काढा. त्यात पवना नदी भेटेल, तलाव भेटणार नाही. (आणि हो, पनवेल शोधताना १८८२ चा ठाणे जिल्ह्याचा खंड बघा. तेव्हा पनवेल ठाण्यात होतं, नंतर कुलाब्यात गेलं, आणि कुलाब्याचं रायगड १९८१ मध्ये झालं. जिल्ह्यांच्या सीमा बदलतात आणि कागद जुन्या जिल्ह्याच्या नावाखाली पडून राहतात.)

पाणी अडवलं कोणासाठी?

टाटांचं खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झालं. लोणावळ्याच्या माथ्यावर अडवलेलं पाणी नळांतून घाटाखाली सोडायचं आणि त्यावर मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज करायची, अशी ती योजना. वीज झाल्यावर ते पाणी पाताळगंगेत जातं, आणि पनवेल परिसराच्या नळाच्या पाण्यात पाताळगंगेचा मोठा वाटा आहे. म्हणजे घाटावरच्या जलाशयांशी आपला संबंध फक्त सहलीपुरता नाही.

त्यानंतर मुळशी. १९२१ च्या एप्रिलमध्ये, रामनवमीच्या दिवशी तिथे सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट त्याच्या पुढाऱ्यांत होते. बापटांना 'सेनापती' हे नाव याच लढ्याने दिलं. शेवटी धरण झालंच आणि गावं पाण्याखाली गेली. या लढ्यावर भुस्कुट्यांनी लिहिलं ते त्यात उतरलेला माणूस म्हणून. कित्येक दशकांनी राजेंद्र व्होरांनी लिहिलं ते राज्यशास्त्राचे अभ्यासक म्हणून. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. जमीन कसणारा मावळा आणि पुण्यात राहणारा जमीनमालक-सावकार यांचं हित एकच नव्हतं, हा मुद्दा लांबून पाहणाऱ्याला जास्त स्पष्ट दिसतो. पण सत्याग्रहाच्या रोजच्या घडामोडी आत असलेल्यालाच माहीत असतात. कुठला स्रोत 'खरा' यावर वाद घालण्यापेक्षा कोणता स्रोत काय सांगू शकतो हे विचारलेलं बरं.

पवना आणि तारखांचा खेळ

पवना धरण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचं. आज त्याच्या पाण्यावर पिंपरी-चिंचवड चालतं. आजूबाजूला लोहगड, विसापूर, तिकोना, तुंग, म्हणून फोटो छान येतात. हा पवन मावळ, भाताचा मुलूख. डोंगराळ भागात भाताची चांगली खाचरं दरीच्या तळाशी असतात, आणि धरणात सगळ्यात आधी तळच जातो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनं वाघेश्वर मंदिर वर येतं. लोक ते बघायला जातात. मंदिर दगडी होतं म्हणून टिकलं. घरांचं आणि बांधांचं तसं झालं नाही.

आता एक तारीख जोडा. महाराष्ट्रात प्रकल्पामुळे विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ मध्ये, म्हणजे पवना धरणाच्या नंतर. त्याआधी आधार होता १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा. त्यात मोबदल्याची तरतूद होती, जमिनीच्या बदल्यात जमीन देण्याचं बंधन नव्हतं. पवनेच्या काही धरणग्रस्त कुटुंबांना पर्यायी जमीन मिळाली, उरलेल्यांची मागणी दशकानुदशकं चालू राहिली. दोन तारखा शेजारी मांडल्यावर त्या मागणीमागचा एक तिढा दिसू लागतो.

आणखी एक तारीख. ९ ऑगस्ट २०११. पवनेचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याला मावळच्या शेतकऱ्यांचा विरोध होता. बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला, तीन जण मरण पावले. आपण तळ्यावर जायला वापरतो तोच हा रस्ता.

कामोठं कुठे बसतं यात?

आपलं घरही संपादित जमिनीवरच आहे. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली, आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नवी मुंबईसाठी घेण्याचं ठरलं. भातशेती, खाजण, मिठागरं, सगळं त्यात आलं. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासई-दास्तान फाटा भागात गोळीबार झाला, पाच जण गेले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं धोरण आलं. कामोठ्यातल्या कित्येक इमारती अशाच भूखंडांवर उभ्या आहेत.

म्हणजे तंबूत झोपायला येणारा पाहुणा आणि तंबू लावून देणारा गाववाला, दोघांची ठिकाणं साधारण एकाच काळातल्या भूसंपादनातून घडली. एकीकडे जमिनीचा वाटा भूखंड म्हणून परत आला. दुसरीकडे जमीन पाण्याखाली होती, परत काय देणार? मग पाण्याचा काठच उत्पन्नाचं साधन झाला का? हा झाला संशोधनप्रश्न. त्याला तुलना आहे, काळ आहे, आणि उत्तर 'नाही' असंही येऊ शकतं.

जाणार असाल तर

निघण्याआधी सर्व्हे ऑफ इंडियाचा धरणापूर्वीचा नकाशा मिळवा आणि आजच्या उपग्रह नकाशाशी ताडून बघा. पाण्याची पूर्ण संचय पातळी कुठवर येते ते समजून घ्या. ठाकूरसाई किंवा आंबेगावला तंबूच्या जागेबद्दल तीन शक्यता मनात ठेवा: मूळ मालकाची उरलेली जमीन, बाहेरच्याने विकत किंवा भाड्याने घेतलेली जमीन, किंवा धरणासाठी संपादित झालेली काठाची जमीन. पाणी ओसरल्यावर उघडी पडते ती गाळपेर जमीन, तिचा हिशेब आणखी वेगळा. उत्तर सात-बारा, फेरफार आणि भूसंपादनाच्या निवाड्यांत सापडेल, तंबूवाल्याची उलटतपासणी घेऊन नाही.

त्याच्याशी बोलायचं तर आधी सांगा की तुम्ही विद्यार्थी आहात आणि का विचारताय. "दादा, ही जागा सरकारी का?" असं थेट विचारलं तर त्याच्या पोटावर पाय येऊ शकतो. "तुमचं जुनं गाव कुठे होतं?" असं विचारून बघा. घरात आजी असेल तर तिला वेळ द्या. कुठलं खाचर कोणाचं, विहीर कुठे होती, हे तिच्याकडून कळेल. परवानगीशिवाय रेकॉर्डिंग नको, आणि वहीत लिहिताना नाव बदला.

आणि पाण्यात उतरू नका. नैसर्गिक तळ्याचा काठ हळूहळू खोल होतो, जलाशयाचा तसा होईलच असं नाही. खाली जुने बांध, खड्डे, ओढ्याचं पात्र आहे. पवनेत बुडून मृत्यूच्या बातम्या वारंवार येतात. पाण्याखाली एक गाव आहे, हे निदान एवढ्या कारणासाठी तरी लक्षात असू द्या.